हाताची खूण

मास्तर जाणार ही बातमी गिरणीत सगळ्यांत आधी भुशाच्या खड्ड्यावर आली. तिथे तीन बायका नाकाला फडकी बांधून फावड्याने भुसा ओढत होत्या आणि पोत्यांत भरत होत्या. पोती न्यायला आलेला ट्रकवाला खाली उतरायच्या आधीच म्हणाला, "तुमचे मास्तर चालले. शनिवारी शेवटचा दिवस."

"चालले म्हणजे कुठे?"

"लेकीकडे. कायमचे. त्यांच्या बायकोला बरं नसतं, इथे एकट्याने कुठवर बघणार?"

दोघी बायकांनी फावडी टाकली आणि फडकी खाली ओढून त्या त्याला खोदून खोदून विचारू लागल्या. तिसरी, लाकूड कापायचा आरा चालवणाऱ्या आरेवाल्याची बायको, तशीच भुसा ओढत राहिली. पोतं भरलं, तिने ते दोनदा आपटलं, तोंड आवळून बांधलं आणि बाजूला लोटलं. मग कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली. फडक्यामुळे तिचा चेहरा कुणाला दिसला नाही.

मास्तर म्हणजे काही शाळेतले मास्तर नव्हेत. लाकडाच्या गिरणीचे ते मॅनेजर. पण खिशात कायम खडू. काही समजावून सांगायचं म्हटलं की हाताशी सापडेल त्या ओंडक्यावर रेघा मारून सांगायचे, म्हणून मास्तर. अकरा वर्षांत त्यांनी कुणावर आवाज चढवला नव्हता. कुणाला बोलायचं असेल तर ते त्याला ऑफिसात उभं करत नसत, खुर्ची देत. गिरणीतल्या माणसांना या खुर्चीचं फार अप्रूप होतं.

त्या वर्षी नदी आटली होती. एरवी ओंडके पाण्यातून यायचे, भिजलेले, मऊ. आता ते ट्रकमधून येत आणि उन्हात पडून तडकत. असं कोरडं लाकूड आऱ्याला नीट जात नाही. मध्येच फाटतं, ढलपी निघते, फळी अडकते. आरेवाला दिवसातून चार-पाच वेळा दांडा मागे ओढायचा, ओंडका पुढे नेणारी ट्रॉली थांबायची, समोरचा जोडीदार अडकलेली ढलपी काढायचा, मग पुन्हा सुरू.

हे सगळं हातांच्या खुणांवर चालायचं. जोडीदाराने हात वर केला की थांबायचं, खाली केला की चालू. मशीन चालू असताना कुणीही ओरडायचं नाही, असा मास्तरांनी दोन वर्षांपूर्वी नियम केला होता. आवाजाचा भरवसा नाही, डोळ्यांचा आहे, असं ते म्हणाले होते आणि खडूने ओंडक्यावर एक मोठा पंजा काढून दाखवला होता. लोकांना तो नियम पटला. जोडीदाराची दोन बोटं जाऊन तेव्हा महिनाच झाला होता.

जोडीदाराला सगळे कर्णा म्हणत. गिरणीतला सगळ्यांत मोठा आवाज त्याचा. तो फाटकातून हाक मारायचा ती पार ओंडक्यांच्या ढिगाऱ्यामागे ऐकू जायची. बोटं गेली तेव्हा तोच म्हणाला होता, "मीच उशिरा ओरडलो असेन. हात आधी घातला, तोंड नंतर उघडलं." मग स्वतःच हसला होता. मास्तरांनी कागदावर तसंच लिहिलं. हलगर्जीपणा जोडीदाराचा.

आरेवाल्याला ऐकू येत नाही, हे मास्तरांना माहीत होतं आणि त्याच्या बायकोला. तिसऱ्या कुणाला नाही.

*

घरी सासूबाई दारातच बसल्या होत्या. आरेवाला आत जाताना त्यांनी विचारलं, "अरे, मास्तर जाणार म्हणतात ते खरं का?" मुलगा चपला काढून सरळ मोरीकडे गेला.

"बघितलंस?" सासूबाई सुनेला म्हणाल्या. "आईला उत्तर द्यायला याच्या जिभेला ओझं होतं. तू विचार, लगेच बोलेल."

"दमलेत ते, आई."

"आम्ही काय गादीवर लोळतो?"

सुनेने पानं वाढली. जेवताना ती नवऱ्याच्या समोर बसली, दिवा तिच्या तोंडावर पडेल अशी. हे आता अंगवळणी पडलं होतं. ती ओठ नीट हलवून बोलायची आणि तो ओठांकडे बघायचा. डाव्या कानाने अजून थोडंसं यायचं, भांडं पडलं तर, दार आपटलं तर. माणसाचं बोलणं त्यात नव्हतं.

"नवे साहेब उद्या येणार," ती म्हणाली.

"हं."

"मास्तरांनी त्यांना सांगितलं असेल का?"

त्याने घास तोंडात घातला आणि ताटाकडे बघितलं. ताटाकडे बघितलं की त्याला कुणाचंच बोलणं ऐकावं लागत नसे. तिला हेही माहीत होतं. तिने हात लांब करून त्याच्या मनगटाला बोट लावलं.

"अहो, इकडे बघा. सांगितलं असेल का?"

"मास्तर सांगणार नाहीत," तो म्हणाला. बोलताना त्याचा आवाज हल्ली जरा जास्तच हळू यायचा. "शब्द दिलाय त्यांनी."

*

नवे साहेब वयाने लहान होते. पायात जाड तळाचे बूट, हातात वही. दोन दिवस ते मास्तरांच्या मागे मागे फिरले. तिसऱ्या दिवशी वायरमन आला आणि त्याने आऱ्याच्या वरच्या खांबाला एक लाल घंटा ठोकली, फळी ओढणाऱ्या जोडीदाराच्या हाताजवळ बटण बसवलं. साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं.

"हात वर करायचा, तो समोरच्याने बघितलाच नाही तर?" ते म्हणाले. "एक पापणी लवली की संपलं. सोमवारपासून बटण दाबायचं. घंटा वाजली की सगळ्यांनी थांबायचं. बघणं नाही, काही नाही."

माणसांनी माना हलवल्या. बोलणं चुकीचं नव्हतं. मास्तर बाजूला उभे होते. त्यांनी खिशातला खडू काढला, बघितला आणि परत ठेवला. आरेवाला पहिल्याच रांगेत होता. सगळ्यांच्या माना हलल्या तशी त्याने मान हलवली. नंतर वर घंटेकडे बघत राहिला.

त्या दिवशी त्याने आठ ओंडके कापले. पात्याजवळ उभा राहिला की त्याचं सगळं अंग कामाला लागे. दांड्यावरच्या तळव्यातून त्याला लाकूड कळायचं. गाठ आली की दांडा बारीक थरथरतो, धार गेली की जडावतो. पायाखालच्या फळीतून ट्रॉलीची चाकं कळायची. भुशाच्या वासावरून लाकूड ओलं की सुकं ते कळायचं. सव्वीस वर्षांत एवढं अंगात मुरलं होतं की कान गेले ते त्याचं त्यालाच उशिरा कळलं.

*

शुक्रवारी काम सुटल्यावर आरेवाल्याची बायको मास्तरांच्या खोल्यांवर गेली. गिरणीच्या मागेच दोन खोल्या होत्या. मास्तर एका वळकटीला दोरी बांधत होते. दोरीचं टोक त्यांनी दातांत धरलं होतं. तिला बघून ते उठले आणि उरलेली एकच खुर्ची त्यांनी तिच्यापुढे सरकवली.

ती बसली नाही. "मास्तर, घंटेचं काय करायचं?"

"तेच डोक्यात आहे माझ्या." ते वळकटीवर बसले. "साहेबांना सांगतो, आरेवाल्याचं वय झालंय, त्याला हलकं काम द्या. भुशाकडे घेतील. कान नाही, बिन नाही. नुसतं वय."

"तुम्ही खरं का सांगत नाही?"

"खरं सांगितलं तर विचारतील, कधीपासून? मग दोन वर्षांपूर्वीचा तो कागद निघेल." त्यांनी दोरीची गाठ सोडली, पुन्हा मारली. "त्याच्या हातून झालं असं लिहिलं असतं तर त्याला त्याच दिवशी घरी बसवलं असतं. बावन्न वर्षांचा बहिरा माणूस कुठे गेला असता? कर्णा तरणा आहे. तीन बोटांनीही फळी ओढता येते. मी एवढाच हिशोब केला."

"कर्णाभावजींना आऱ्यावर बसायचं होतं. दोनदा अर्ज केला त्यांनी."

"माहीत आहे."

"कागदावर हलगर्जीपणा लिहिलेला माणूस आऱ्यावर चालत नाही, असं तुम्हीच सांगितलंत त्यांना."

बाहेर कुणीतरी ओंडक्यावर ओंडका टाकला, त्याने खिडकी हादरली.

"त्यांची बोटं गेली त्या दिवशी मी खड्ड्यात होते," ती म्हणाली. "ते ओरडले होते. थांब म्हणून. मी ऐकलं. हात मग आत गेला."

"मला हे कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. बराच वेळ पुसला. मग चष्मा न लावताच ते म्हणाले, "मी तुमचं भलं बघितलं, बाई. वाईट केलं का?"

ती दारात गेली. "उद्या तीन वाजता खुर्ची द्यायची आहे तुम्हाला," ती म्हणाली. "माणसांनी सागाची केलीय. लवकर या."

*

शनिवारी दुपारी मशीन बंद केलं. ते बंद झालं की शेडमध्ये एकदम मोकळं वाटे, जणू कुणी डोक्यावरचं ओझं उतरवलं. विटांवर फळ्या टाकून बाकं केली होती. मधोमध मास्तरांसाठी केलेली आरामखुर्ची. तिच्यावर अजून पॉलिशचा वास होता आणि एक माणूस सारखा तिच्यावरची धूळ उडवत होता.

भाषणं झाली. धार लावणारा म्हातारा दोन वाक्यं बोलून रडायला लागला, त्याला खाली बसवलं. एका बाईने सांगितलं की तिच्या मुलाच्या दुखण्यात मास्तर स्वतः त्याला गाडीत घालून घेऊन गेले होते. ट्रकवाल्याने एक जुना विनोद सांगितला आणि सगळे हसले. आरेवाला एक क्षण उशिरा हसला. त्याची बायको त्याच्या शेजारी बसली होती. तिने त्याच्या बाहीला हलकेच हात लावला की टाळ्या वाजवायच्या, असं त्यांचं ठरलेलं होतं.

मग कर्णा उभा राहिला. त्याला भाषणाची सवय नव्हती. त्याने उजवा हात पुढे धरला, तीन बोटांचा.

"हे बघा," तो म्हणाला आणि त्याचा तो मोठा आवाज शेडभर घुमला. "हे माझ्या चुकीने झालं. दुसरा कुणी असता तर मला हाकललं असतं. म्हणाला असता, हलगर्जी माणूस गिरणीत नको. मास्तरांनी मला ठेवलं. दवाखान्यात रोज आले. मी म्हटलं, मास्तर, मी ओरडलो होतो की नाही, मलाच आठवत नाही. तर म्हणाले, जाऊ दे, आता आठवून काय करायचंय? असा माणूस." त्याला पुढे बोलवेना. त्याने तोच हात डोळ्यांवर फिरवला आणि बसला.

टाळ्या पडल्या. आरेवाल्याच्या बायकोचा हात मांडीवरच राहिला. बाहीला हात लागला नाही म्हणून आरेवाल्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळी शेड वाजवत होती आणि तो हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत होता. दोन-तीन माणसांनी वळून बघितलं.

मास्तर बोलायला उठले ते कर्ण्याकडे बघत नव्हते. "तुम्ही मला फार चांगला म्हणालात," ते म्हणाले. "एवढा मी नाही." माणसांना तो मोठेपणा वाटला. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. मास्तर थांबले, काहीतरी आणखी सांगतील असं वाटलं, पण त्यांनी हात जोडले.

सगळ्यांत जुना म्हणून खुर्ची आरेवाल्याच्या हातून दिली. मास्तरांनी त्याचा हात धरला आणि काहीतरी म्हणाले. डोळे भरून आल्यामुळे त्यांची मान खाली होती, ओठ दिसले नाहीत. आरेवाल्याने नुसतं "हो, मास्तर" म्हटलं.

टेम्पोत खुर्ची चढवली, वळकटी चढवली. मास्तर पुढे बसले. माणसं फाटकापर्यंत चालत गेली, तिथे थांबली. टेम्पो वळला तरी बराच वेळ कुणी हललं नाही. मग कुणीतरी म्हणालं, चहा निवतोय.

*

"कर्णा काय म्हणाला?" आरेवाल्याने बायकोला विचारलं. ते ओंडक्यांच्या ढिगापाशी उभे होते. "सगळे रडले ते."

ती त्याच्या अगदी समोर उभी राहिली आणि ओठ ठळक हलवत बोलू लागली. एरवी चारचौघांत ती असं करत नसे. तिने कर्ण्याचं सगळं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाली, "ते ओरडले होते. मी ऐकलं होतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. "हे मला आज सांगतेस?"

"आज सांगते."

ऊन उतरलं होतं, शेडच्या पत्र्याची सावली ढिगावर चढत होती. कर्णा चहाचा पेला घेऊन एकटाच एका ओंडक्यावर बसला होता. आरेवाला त्याच्याकडे चालू लागला. बायको चार पावलं मागे राहून गेली.

"कर्ण्या," तो म्हणाला.

"बस, दादा. चहा घेतलास?"

आरेवाला उभाच राहिला. "मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "तीन वर्षं होतील आता. तुझी बोटं गेली तेव्हाही येत नव्हतं."

कर्ण्याने पेला खाली ठेवला. आधी त्याला ही थट्टा वाटली असावी, तो अर्धवट हसला. मग त्याने आरेवाल्याच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"मास्तरांना?"

"माहीत होतं. त्यांनीच हाताचा नियम काढला. माझ्यासाठी."

कर्णा उठून दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. सुक्या नदीच्या बाजूला. तो बोलला ते आरेवाल्याला दिसलं नाही. त्याच्या बायकोला ऐकू आलं.

"म्हणजे मी ओरडलो होतो." मग पुन्हा, जरा मोठ्याने, "मी ओरडलो होतो. दोन वर्षं मी बायकोला सांगतोय, माझ्याच डोक्यात काहीतरी उणं आहे, ऐन वेळी माझं तोंड उघडत नाही. पोरीला झोक्यावर बसवत नाही मी. म्हटलं, पडायला लागली आणि मला ओरडताच आलं नाही तर?"

"ओरडला होतात, भावजी," ती म्हणाली. "खड्ड्यापर्यंत आवाज आला होता. मी ऐकला."

तो वळला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. आरेवाल्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

"त्याला येत नाही ऐकू," तो म्हणाला. "तुला तर येत होतं ना, वहिनी?"

कर्ण्याने पेल्यातला चहा भुशावर ओतला, पेला ओंडक्यावर नीट पालथा ठेवला आणि फाटकाकडे निघून गेला. आरेवाला बायकोला विचारत होता, "काय म्हणाला? काय म्हणाला तो?"

*

रविवारी आरेवाल्याने आईलाही सांगून टाकलं. म्हातारी आधी घाबरली, मग रागावली. "म्हणजे तीन वर्षं मी भिंतीशी बोलत होते? आणि ही सटवी मला म्हणते, दमलेत!" नंतर ती दिवसभर मुलाच्या मागे मागे फिरत राहिली. त्याने न मागताच तिने त्याला दोनदा पाणी दिलं.

सोमवारी मशीन सुरू व्हायच्या आधी तो नव्या साहेबांच्या ऑफिसात गेला. बायको बरोबर होती. कर्णा तिथे आधीच होता, भिंतीला टेकून. साहेबांनी कुणालाही खुर्ची दिली नाही. आरेवाल्याने सांगितलं तेवढं त्यांनी ऐकून घेतलं, मग एकदा वहीत, एकदा खिडकीबाहेरच्या घंटेकडे बघितलं.

"तुम्ही आता दांड्याला हात लावायचा नाही," ते म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तेच वाक्य तोंड वर करून, सावकाश म्हटलं. "धार लावायला म्हाताऱ्याच्या हाताखाली बसा. पुढचं बघू."

आरेवाल्याने मान हलवली. सव्वीस वर्षं संपायला एवढाच वेळ लागला.

साहेबांनी कपाटातून जुनी फाईल काढली, दोन वर्षांपूर्वीचा कागद शोधला. "मॅनेजरने खोटं लिहिलं असेल तर वर कळवावं लागेल," ते कर्ण्याला म्हणाले. "तुझी तक्रार घेऊ का?"

कर्णा बराच वेळ कागदाकडे बघत उभा होता. त्याला फारसं वाचता येत नव्हतं.

"दवाखान्यात ते रोज यायचे," तो म्हणाला. "खाली बसून माझ्या पायांना तेल लावलंय त्यांनी." त्याने कागदावर बोट ठेवलं. "तक्रार नको. हा कागद तेवढा नीट करा."

"काय लिहू?"

"मी आवाज दिला होता, असं."

"कुणी ऐकला?"

"मी," आरेवाल्याची बायको म्हणाली.

साहेबांनी पेन उघडलं. लिहिताना ते शब्द मोठ्याने म्हणत होते. "हात घालण्यापूर्वी सदर कामगाराने 'थांब' असा आवाज दिला होता."

"मोठ्याने," कर्णा म्हणाला.

"काय?"

"मोठ्याने दिला होता. तेही लिहा."

साहेबांनी वर बघितलं. मग 'आवाज'च्या आधी एक खूण करून त्यांनी तो शब्द घातला आणि कागद तिच्याकडे फिरवला. ती टेबलावर वाकली. पेन तिच्या हातात नीट बसत नव्हतं, फावड्याने बोटं आखडली होती. कर्णा तिच्या खांद्यावरून बघत होता. ती सही पुरी होईपर्यंत तो तिथून हलला नाही.